असईपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत : एका अभ्यासाची प्रस्तावना

वेलिंग्टनचा ड्यूक आर्थर वेलस्ली याला युरोप ओळखतो तो वॉटर्लूचा विजेता म्हणून. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या परिच्छेदात येतो, असईची लढाई जिंकतो आणि पुढच्या पानावर दिसेनासा होतो. या दोन ओळखींची गाठ क्वचितच घातली जाते. १८०३ च्या ऑगस्टअखेर औरंगाबादेजवळ तळ देऊन बसलेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आजच्या मराठवाड्याच्या व विदर्भाच्या सरहद्दी बदलणाऱ्या दोन तहांच्या वाटाघाटी करणारा हा माणूस पंचवीस वर्षांनी ब्रिटनचा पंतप्रधान झाला. हे सलग चरित्र मराठीतून वाचू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. म्हणणे थोडक्यात असे : वेलिंग्टनचे राजकारण समजून घ्यायचे असेल तर त्याच्या लढाईइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष देऊन, त्याचे तह वाचावेत. ते तह आपल्या मुलखाविषयी आहेत, आणि त्यांची दुसरी बाजू मांडण्याची साधने आपल्या आवाक्यात आहेत.

सुरुवात या माणसाच्या घराण्यापासून करावी लागेल, कारण ब्रिटिश उमरावशाहीची घडण माहीत नसली तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही. आर्थरचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधल्या एका प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यात झाला. वडील मॉर्निंग्टनचे अर्ल. त्या समाजात किताब आणि इस्टेट थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी लष्कर, चर्च, वकिली किंवा कंपनीची चाकरी पत्करावी, असा शिरस्ता होता. थोरला रिचर्ड अर्ल झाला, आर्थरच्या वाट्याला पलटण आली. लष्करातल्या हुद्द्यांची तेव्हा रीतसर खरेदी होई आणि आर्थरने थोरल्या भावाच्या पैशाच्या आधाराने लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळवला. त्याआधी, १७९० मध्ये, घराण्याच्या वजनावर तो आयर्लंडच्या पार्लमेंटात ट्रिम या गावाचा प्रतिनिधी झाला होता. म्हणजे भारतात पाऊल ठेवण्यापूर्वीच तो सभासदकी भोगून आलेला होता. फक्त ती जागा लोकांच्या मतापेक्षा घराण्याच्या मुठीत होती. पुढे १८३० मध्ये निवडणूक पद्धत बदलायला त्याने कडवा विरोध केला, त्याची मुळे या पहिल्या अनुभवातही शोधता येतील.

१७९७ मध्ये आर्थर कलकत्त्याला उतरला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड गव्हर्नर-जनरल म्हणून आला. धाकट्या भावाची बढती थोरल्याच्या हातात होती, यात लपवण्यासारखे काही नाही. समकालीनांनीही त्यावर बोटे मोडली. परंतु केवळ नातेसंबंधावर बोट ठेवून अभ्यास थांबवता येत नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथला कारभार आर्थरकडे आला. धान्य, बैल, वाटा, पाणी आणि स्थानिक पाळेगारांचे हेवेदावे यांचे गणित तो तिथे शिकला. दख्खनमध्ये फौज चालवायची म्हणजे आधी बैल चालवायचे, हे त्याच्या पत्रांत इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याला पुढे स्पेनमधल्या मोहिमेतली त्याची रसदीची चिकाटी नवी वाटत नाही.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि तैनाती फौज स्वीकारली. १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर पुण्यात पोहोचला, मे महिन्यात बाजीराव पुन्हा गादीवर बसला. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. २६ जून १८०३ रोजी गव्हर्नर-जनरलने आर्थरला दख्खनमधल्या लष्करी आणि राजकीय अशा दोन्ही व्यवहारांचे पूर्ण अधिकार दिले. ही तारीख अभ्यासकाने ठळक करून ठेवावी. युद्ध पुकारायचे की नाही, तह कधी करायचा, कोणाला काय सोडायचे, हे सगळे चौतीस वर्षांच्या एका सेनाधिकाऱ्याने जागेवर ठरवायचे होते. पार्लमेंटातल्या सभासदकीपेक्षा हीच त्याची राजकारणातली खरी उमेदवारी म्हणावी लागेल.

ऑगस्टच्या ६ तारखेला त्याने शिंद्यांविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी हैदराबादेत निजाम अली वारला आणि सिकंदर जाह गादीवर आला. नगरचा किल्ला १२ ऑगस्टला पडला. तिकडे शिंदे-भोसल्यांची फौज अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात उतरली. २९ ऑगस्टला आर्थर औरंगाबादेस आला. शिंद्यांच्या दरबारातला ब्रिटिश रेसिडेंट कर्नल कॉलिन्स छावणी सोडून आधीच येथे येऊन राहिला होता. ब्लॅकिस्टन या तरुण अधिकाऱ्याने पुढे लिहिलेल्या आठवणींत या भेटीचे वर्णन केले आहे. शिंद्यांचे घोडदळ सोडा, पण त्यांचे पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही थक्क व्हाल, असा इशारा कॉलिन्सने दिला. परतताना तरुण अधिकाऱ्यांनी त्या नटव्या, ठेंगण्या रेसिडेंटची टिंगल केली. महिनाभरातच कॉलिन्सचे म्हणणे खरे ठरले. या आठवणीचे मोल गमतीपुरते नाही. मराठी लष्कराच्या आधुनिकीकरणाची अचूक माहिती शिंद्यांच्या दरबारात राहिलेल्या माणसाकडे होती आणि ती याच शहरात सांगितली गेली, हे तिच्यातून कळते.

असईच्या लढाईची हकीकत अनेकांनी लिहिली आहे, म्हणून इथे थोडक्यात. २१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले आणि दोन वाटांनी पुढे जायचे ठरले. २३ तारखेला, भोकरदन परिसरात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने हल्ला केला. एकमेकांसमोर दोन तीरांवर दोन गावे दिसतात त्या अर्थी मधे उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्याने नदी ओलांडली. समोर पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणी होत्या, त्यांत बेगम समरूच्याही होत्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफांशेजारी मरेपर्यंत लढले. ब्रिटिश बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना आसरा द्यायला निजामाच्या किल्लेदारांनी टाळाटाळ केली आणि शेवटी इस्पितळ अजिंठा गावात उभे राहिले. मित्र म्हणवणाऱ्या संस्थानाचे अधिकारी जिंकलेल्या सेनेलाही दार उघडत नव्हते, हे त्या वर्षीच्या औरंगाबाद सुभ्यातले राजकीय वातावरण सांगायला पुरेसे आहे. म्हातारपणी ड्यूकला त्याच्या सर्वोत्तम लढाईविषयी विचारले तेव्हा त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले.

अभ्यासाची खरी मेजवानी मात्र पुढे आहे. आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव यांनंतर १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने यशवंतराव रामचंद्र आणि शिंद्यांच्या वतीने विठ्ठलपंत व मुन्शी कमलनयन बोलणी करत होते. वेलस्लीच्या मदतीला जॉन माल्कम आला होता. विठ्ठलपंत वयस्क, मुरब्बी आणि चेहऱ्यावरची रेषही न हलू देणारा मुत्सद्दी. पत्त्यांच्या ज्या खेळात असा चेहरा कामी येतो त्याचे नाव माल्कमने त्याला टोपणनाव म्हणून दिले. पुढे युरोपात माल्कमने वेलिंग्टनला फ्रेंच मुत्सद्दी तालेराँविषयी विचारले, तेव्हा तो पुष्कळसा आपल्या त्या म्हाताऱ्यासारखा आहे, पण तेवढा हुशार नाही, असे उत्तर मिळाल्याचे माल्कमच्या चरित्रात नोंदले आहे. नेपोलियनच्या पतनानंतरच्या युरोपची घडी बसवणाऱ्या माणसाला मोजण्याचे माप वेलिंग्टनने मराठी दरबारातून नेले होते.

सुर्जी अंजनगावचा तह कलमवार वाचला तर त्यात आपली ओळखीची गावे भेटतात. नगरचा किल्ला गेला. अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा शिंद्यांचा मुलूख, जालना आणि गंगापूर धरून, गेला आणि पुढच्या वाटपात निजामाकडे आला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटला आणि तोही निजामाला मिळाला. पण सुर्जी अंजनगावच्या तहात अंबड, पैठण, नेवासे वगैरे परगण्यांतली काही वडिलोपार्जित गावे शिंद्यांकडे राहू दिली, आणि देवगावच्या तहात भोसल्यांना गाविलगड व नरनाळा परत मिळाले. हरलेल्याची अब्रू राखणारी चार गावे सोडायची आणि महसुलाचे परगणे घ्यायचे, अशी ही पद्धत. वेलस्लीची सवलत कधीही नुसती सवलत नसते. तिच्या पाठीमागे एक वसुली असते, हे सूत्र इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

त्याच वेळी त्याच्या विचारातली दुसरी कडाही पाहिली पाहिजे. ग्वाल्हेर आणि गोहद यांच्या मालकीवरून तहानंतर वाद निघाला. तहाचा अर्थ आपल्या सोयीने लावून ग्वाल्हेर ठेवून घ्यावे, असा थोरल्या भावाचा कल होता. दिल्या शब्दाला जागण्याची आपली ख्याती राखण्यासाठी ग्वाल्हेरच काय, हिंदुस्थानातली प्रत्येक सरहद्द दहा वेळा सोडायला मी तयार आहे, अशा आशयाचे पत्र आर्थरने १८०४ च्या मार्चमध्ये माल्कमला लिहिले. ही नीतिमत्ता होती की साख टिकवण्याचा हिशेब? दोन्ही होते, असे मला वाटते. जिथे थोड्या फौजेच्या बळावर मोठा मुलूख राखायचा आहे, तिथे साख हीच फौज असते, हे त्याने जाणले होते.

१८०४ मध्ये दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा नगरला त्याने काम करू शकणाऱ्यांना सार्वजनिक कामांवर लावावे आणि जे काम करू शकत नाहीत त्यांना अन्न द्यावे, अशी व्यवस्था आखली. आपल्याकडच्या दुष्काळी कामांच्या इतिहासात या टिपणाची नोंद असायला हवी. अर्थात हा दुष्काळ केवळ पावसाचा नव्हता. फौजांनी तुडवलेली शेते आणि ओढून नेलेले बैल त्याला कारण होते, आणि त्या फौजांपैकी एक त्याची स्वतःची होती, हेही त्याच नोंदीत लिहावे लागेल.

१८०५ मध्ये आर्थर मायदेशी परतला. १८०६ मध्ये राय या मतदारसंघातून तो ब्रिटिश पार्लमेंटात गेला. तातडीचे कारण भारतच होते : जेम्स पॉल नावाच्या सभासदाने रिचर्डच्या कारभारावर, विशेषतः अवधबाबत, आरोप ठेवले होते आणि भावाचा बचाव करायचा होता. १८०७ मध्ये तो आयर्लंडचा मुख्य सचिव झाला. मग स्पेन-पोर्तुगालची मोहीम, १८१४ मध्ये ड्यूकपद, १८१५ मध्ये वॉटर्लू. १८१८ च्या अखेरीस त्याला मंत्रिपद मिळाले आणि १८२८ च्या जानेवारीत तो पंतप्रधान झाला.

इथे आपल्याला तहाचे सूत्र पुन्हा भेटते. १८२८ मध्ये आयर्लंडमधल्या क्लेअरच्या पोटनिवडणुकीत डॅनियल ओकॉनेल निवडून आला. कॅथलिक असल्यामुळे त्याला प्रचलित शपथ घेऊन पार्लमेंटात बसता येत नव्हते. वेलिंग्टन आणि त्याचा सहकारी रॉबर्ट पील दोघेही कॅथलिकांना हक्क देण्याच्या विरोधात ओळखले जात. पण आयर्लंडमध्ये यादवी पेटेल हे दिसताच ड्यूकने भूमिका बदलली, स्वतःच्या राजीनाम्याची धमकी देऊन राजा चौथ्या जॉर्जवर दबाव आणला आणि १८२९ च्या एप्रिलमध्ये कायदा करून घेतला. स्वपक्षातले कडवे प्रॉटेस्टंट खवळले. लॉर्ड विंचिल्सीने त्याच्यावर विश्वासघाताचा आरोप केला, तेव्हा पंतप्रधानपदी असताना ड्यूकने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले. २१ मार्चला बॅटर्सीच्या मैदानावर पिस्तुले झाडली गेली. कोणी जखमी झाले नाही. चरित्रकार या प्रसंगावर पाने खर्च करतात. आपण त्याच वर्षी मंजूर झालेल्या दुसऱ्या कायद्याकडे पाहावे. कॅथलिकांना पार्लमेंट खुले करताना आयर्लंडमध्ये मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. सधन कॅथलिकाला सभागृहात जागा मिळाली आणि ज्या गरीब कुळांनी ओकॉनेलला निवडून दिले त्यांचे मत गेले. अब्रूची गावे एका हाताने, महसुलाचे परगणे दुसऱ्या हाताने : सुर्जी अंजनगाव आणि वेस्टमिन्स्टर यांच्यात हात तोच होता.

पण सूत्र हाती लागले म्हणून सगळे त्यात कोंबू नये. २ नोव्हेंबर १८३० रोजी ड्यूकने लॉर्डांच्या सभागृहात सांगितले की प्रचलित प्रतिनिधित्वाची व्यवस्था उत्तम आहे आणि तिच्यात बदल करण्याचा कोणताही प्रस्ताव मी आणणार नाही. त्याच महिन्यात सरकार पडले. इथे त्याने तडजोड का केली नाही? समोर उभी फौज दिसली की माघारीची वाट आखणारा हा माणूस मध्यमवर्गाची मागणी ही फौजेइतकीच खरी असते, हे ओळखू शकला नाही, असे माझे मत आहे. १८३१ मध्ये जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या आणि त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. १८३२ चा सुधारणा कायदा त्याच्या विरोधानंतरही झाला. १८३४ मध्ये पील इटलीत असताना जवळजवळ तीन आठवडे पंतप्रधानपद आणि महत्त्वाची बहुतेक मंत्रिपदे त्याने एकट्याने सांभाळली. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि पीलने आयात धान्यावर जकात लादणारे धान्य कायदे रद्द करायचे ठरवले. ड्यूकला ते पटत नव्हते, तरी १८४६ मध्ये जमीनदारांनी भरलेल्या लॉर्डांच्या सभागृहातून ते विधेयक त्यानेच पार पाडले. सरकार टिकणे हे कोणत्याही एका कायद्यापेक्षा मोठे, ही त्याची धारणा होती. नगरच्या दुष्काळाचे टिपण आणि १८४६ चे हे वर्तन शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून व्हायचे आहे. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो वारला.

आता साधनांविषयी. ड्यूकची खलिते-पत्रे कर्नल गरवुडने १८३४ पासून, ड्यूक हयात असताना आणि राजकारणात असतानाच, छापायला सुरुवात केली. त्यामुळे सुरुवातीच्या आवृत्त्यांत काही नावे गाळलेली आहेत. दुसऱ्या ड्यूकने पुढे पुरवणी खंड काढले. मूळ कागद आज साउदम्प्टन विद्यापीठात आहेत. या पत्रांत भारतीयांविषयी तुच्छतेचे शेरे जागोजाग आहेत. ते गाळून त्याला सभ्य प्रशासक ठरवणे आणि तेवढेच वेचून त्याला निव्वळ खलनायक ठरवणे, दोन्ही सोपे आणि दोन्ही निरुपयोगी. आपल्या बाजूला वासुदेवशास्त्री खरे यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहातली पटवर्धनी पत्रे आहेत, सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली निघालेला पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहार आहे, पुण्याच्या पुरालेखागारातले मोडी रुमाल आहेत आणि निजामाच्या दरबाराचे फारसी कागद हैदराबादेत आहेत. पटवर्धन आणि बापू गोखले हे पेशव्यांचे सरदार १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीच्या बाजूने होते. तेच बापू गोखले १८१८ मध्ये इंग्रजांशी लढताना पडले. त्यांच्या नजरेतून १८०३ कसे दिसत होते, हा प्रश्न इंग्रजी चरित्रे विचारतच नाहीत.

हे क्षेत्र एका ड्यूकपुरते नाही. असईला वेलस्लीच्या सोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. तोही एका लॉर्डचा धाकटा मुलगा. एकजण मायदेशी जाऊन पंतप्रधान झाला, दुसरा मुंबईचा गव्हर्नर झाला आणि पुढे गव्हर्नर-जनरलपद नाकारून पुस्तके लिहीत राहिला. एका वर्गाची ही दोन टोके तुलनेने अभ्यासण्यासारखी आहेत. गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज आणि हैदराबादची पामर ही सावकारी कंपनी हे सत्ता व सावकारीच्या लागेबांध्यांचे प्रकरण आहे. पुढचा गव्हर्नर-जनरल डलहौसी याने १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर धाराशिवचा मुलूखही निजामाकडून घेतला. धाराशिवचा मुलूख १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. वऱ्हाड परत मिळावा म्हणून निजामाचे दिवाण सालारजंग १८७६ मध्ये इंग्लंडला गेले, तेव्हा भारतमंत्री होता लॉर्ड सॉल्सबरी, पुढे तीनदा पंतप्रधान झालेला. १८०३ मध्ये वेलस्लीने आखलेली रेघ या प्रत्येकाच्या टेबलावर पुन्हा येत राहिली.

नव्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. वॉटर्लू असईच्या मैदानावर जिंकले, ड्यूकचे राजकारण मराठ्यांनी घडवले, असली वाक्ये सभेत टाळ्या घेतात, पुराव्यात टिकत नाहीत. आयर्लंडमधला जन्म, स्पेनमधली वर्षे, पीलसारखा सहकारी यांचाही वाटा मोजावा लागेल. आपण दाखवू शकतो ते पद्धतीतले साम्य. ते कुठे तुटते हेही आपणच आधी दाखवले पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, विद्यार्थ्याला या कामात एक सोय आहे, जी लंडनच्या संशोधकाला नाही. खलित्यांतली वेडीवाकडी लिहिलेली गावे त्याला ओळखीची आहेत. बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अजिंठा तो एसटीने फिरू शकतो. घरात कोणाला तरी शेतसाऱ्याचे, इनामाचे जुने शब्द अजून ठाऊक असतात. त्याने मोडी शिकावी, जमल्यास फारसी शिकावी, सुर्जी अंजनगावच्या तहातली गावे एकेक करून आजच्या नकाशावर उतरवावीत. एका प्रबंधाला पुरेल एवढे काम त्यातच आहे. वेलिंग्टनवरच्या इंग्रजी ग्रंथांनी कपाटे भरली आहेत. त्याच्याशी तहाला बसलेल्या विठ्ठलपंतावर मराठीत एक नेटका ग्रंथ हवा आहे, आणि तो या प्रस्तावनेच्या एखाद्या वाचकाने लिहावा.